श्रीसंत गाडगेमहाराज : दात्यांच्या विश्वासाचे विश्वस्त

तीर्थयात्रेस निघालेल्या भाविकास देवदर्शनाची ओढ असते, तशीच रात्री पाठ टेकण्यापुरत्या जागेची, प्यावयाच्या पाण्याची आणि वेळेवर मिळणाऱ्या दोन घासांचीही गरज असते. दर्शनाची सोय क्षेत्रोक्षेत्री पूर्वापार होती. निवाऱ्याची सोय मात्र ज्याच्याजवळ पैसा आहे किंवा ज्याची जात वरची आहे, त्याच्यापुरतीच होती. गोरगरीब यात्रेकरू नदीच्या वाळवंटात, झाडाखाली, ओसरीच्या कडेला रात्र काढीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इत्यादी क्षेत्रांच्या ठिकाणी या उपेक्षित यात्रेकरूंसाठी ज्यांनी प्रशस्त धर्मशाळा उभ्या केल्या, ते श्रीसंत गाडगेमहाराज होत. त्यांच्याजवळ स्वतःचा एक पैसा नव्हता, कोणत्याही संस्थानाची गादी नव्हती, अक्षरओळखही नव्हती. असे असता लक्षावधी रुपयांची कामे त्यांच्या शब्दावर उभी राहिली आणि दाते त्यांच्याशी आयुष्यभर बांधलेले राहिले. हे कसे घडले, याचा विचार प्रत्येक देणाऱ्याने आणि प्रत्येक घेणाऱ्याने करावा असा आहे.

जन्म व बालपण

श्रीगाडगेमहाराजांचा जन्म दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडातील, आजच्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या गावी एका परीट कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी, आई सखुबाई. वडिलांना दारूचे व्यसन जडले. त्या व्यसनापायी संसाराची धूळधाण झाली आणि डेबू लहान असतानाच ते निवर्तले. सखुबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आल्या. डेबूजींचे बालपण आणि तारुण्य मामा चंद्रभानजी यांच्या घरी गेले.

दापुऱ्यास डेबूजींनी गुरे राखली, नांगर धरला, पेरणी केली, पिके काढली. पूर्णा नदीत पोहण्यात ते पटाईत होते. रात्री भजनी मंडळात ते तल्लीन होत. कष्टाची लाज त्यांना कधी वाटली नाही आणि कष्टावाचून मिळालेल्या अन्नाची गोडीही त्यांना कधी लागली नाही. सन १८९२ मध्ये त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला.

सावकाराची वही

याच काळात एक प्रसंग घडला आणि त्याचा ठसा महाराजांच्या पुढील सर्व जीवनावर उमटला. मामांनी सावकाराचे कर्ज घेतले होते. अक्षरशून्य शेतकऱ्यास वहीत काय लिहिले आहे हे कळत नसे आणि फेडलेल्या रकमेची पावती मागावी हेही ठाऊक नसे. कर्ज फिटले असे समजून घरचे लोक निश्चिंत राहिले, पण जमीन सावकाराच्या घशात गेली. या धक्क्याने मामा खचले. डेबूजी मात्र डगमगले नाहीत. शेतावर ताबा घेण्यास सावकार आला तेव्हा हा तरुण नांगर धरून शेतात ठाम उभा राहिला आणि सावकारास माघार घ्यावी लागली.

पैसा देणारा एक, लिहिणारा दुसरा आणि हिशोब कोणासच दाखविला जात नाही, अशा व्यवहारात गरिबाचे काय होते, हे डेबूजींनी अगदी तरुणपणी डोळ्यांनी पाहिले. पुढे कीर्तनातून त्यांनी कर्ज काढून सण करणे, कर्ज काढून लग्नात जेवणावळी घालणे, कर्ज काढून यात्रा करणे यांवर कडक प्रहार केले. मुलांना शिकवावे, भले त्यासाठी जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल, हा त्यांचा आग्रहही याच अनुभवातून आलेला होता. स्वतःच्या पहिल्या अपत्याच्या बारशाच्या वेळी जातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाचे जेवण न देता त्यांनी गोडाचे जेवण दिले आणि भाऊबंदांचा रोष पत्करला. लोकांना जे सांगावयाचे ते आधी आपल्या घरी करून दाखवावयाचे, ही त्यांची रीत येथूनच सुरू झाली.

ऋणमोचनचा घाट

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. येथे मुद्गलेश्वराचे स्थान असून पौष महिन्यातील रविवारी यात्रा भरते. नदीच्या उतारावर चिखल होई. स्नानास उतरणारे वृद्ध, लेकुरवाळ्या स्त्रिया आणि आंधळेपांगळे यात्रेकरू घसरून पडत. हजारो लोक दरवर्षी हा त्रास सोसत आणि घरी परतत. घाट असावा असे प्रत्येकास वाटे, पण तो कोणी बांधावा, हा प्रश्न कोणी स्वतःस विचारीत नसे.

डेबूजींनी येथे कोणापुढे हात पसरण्याआधी स्वतः कुदळ हाती घेतली. ते एकटे माती वाहू लागले, उतार सारखा करू लागले, पडणाऱ्यास हात देऊ लागले. एक माणूस निष्काम भावनेने राबतो आहे हे पाहून दुसरा आला, दुसऱ्यास पाहून दहा आले. कोणी श्रम दिले, कोणी साहित्य दिले, कोणी धान्य दिले, ज्याला शक्य होते त्याने पैसा दिला. अशा रीतीने सन १९०८ च्या सुमारास ऋणमोचन येथे लोकांच्या सहभागातून घाट बांधला गेला व श्रीलक्ष्मीनारायणाचे मंदिरही उभे राहिले. पुढे येथील यात्रेत आंधळ्यापांगळ्यांना अन्नदान करण्याची प्रथा महाराजांनी सुरू केली.

महाराजांच्या लोकसंग्रहाचे पहिले सूत्र या घाटावर दिसते. दान मागण्यापूर्वी काम सुरू झालेले असावे आणि मागणाऱ्याचे स्वतःचे हात त्या कामात मळलेले असावेत. अशा माणसास दाता शोधावा लागत नाही, दाता त्याला शोधीत येतो.

गृहत्याग

दिनांक १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले होते. त्यानंतर आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे एक्कावन्न वर्षे, ते अखंड भ्रमण करीत राहिले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, एका पायात एक तऱ्हेचे तर दुसऱ्या पायात दुसऱ्या तऱ्हेचे पायताण, हाती खराटा आणि मडक्याचा फुटका तुकडा, असा त्यांचा वेष असे. त्या मडक्यातच ते भाकरी खात, त्यातच पाणी पीत आणि उन्हापावसात तेच डोक्यावर ठेवीत. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. कोठे गोधडेबाबा, तर कोठे चिंध्येबुवा, अशीही नावे त्यांना मिळाली.

गावात शिरल्याबरोबर ते खराट्याने रस्ते झाडू लागत. गटारे उपसत, घाण उचलीत, पाणवठा स्वच्छ करीत. लाकडे फोडणे, गवत कापणे असे काम एखाद्याच्या दारी करून मगच भाकरी मागत. फुकट मिळालेली भाकरी त्यांनी घेतली नाही. दिवसभर गाव झाडून झाल्यावर रात्री त्याच गावात त्यांचे कीर्तन होई. टाळ नसतील तर दोन दगड टाळांसारखे वाजवीत ते उभे राहत. अस्सल वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत आणि संत तुकाराममहाराज, संत कबीर यांच्या विचारांचा आधार देत ते अज्ञान, व्यसन, अस्पृश्यता, नवसापोटी होणारी पशुहत्या आणि कर्जबाजारीपणा यांचे दोष लोकांच्या पदरात घालीत. सकाळी जो मनुष्य आपल्या दारासमोरची घाण काढताना दिसला तोच रात्री बोलतो आहे, हे पाहिल्यावर त्याच्या शब्दाबद्दल कोणाच्या मनात संशय उरत नसे.

पंढरीच्या वाळवंटात

आषाढी-कार्तिकीस महाराज पंढरपुरी जात. मंदिरात जाण्यापेक्षा चंद्रभागेचे वाळवंट झाडण्यात त्यांचा दिवस जाई. यात्रेकरूंच्या सेवेतच त्यांना विठ्ठल भेटत असे. तेथे त्यांच्या दृष्टीस पडले ते असे की, अस्पृश्य मानलेल्या जातींचे वारकरी शेकडो मैल पायी चालून येतात, पण कोणतीही धर्मशाळा त्यांना आत घेत नाही. संत चोखामेळ्यांच्या अभंगांवर डोलणाऱ्या नगरीत चोखोबांच्याच वंशजांना पाऊस अंगावर घेत रात्र काढावी लागे.

या यात्रेकरूंसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारण्याचे महाराजांनी मनावर घेतले. सन १९१७ ते १९२० या काळात ती आकारास आली. त्यानंतर पंढरपुरातच मराठा धर्मशाळा झाली. श्रीविठ्ठल मंदिर सर्व जातींच्या भाविकांना खुले झाले ते सन १९४७ मध्ये, पूज्य साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याआधी सुमारे तीस वर्षे महाराजांनी या भाविकांच्या डोक्यावर छप्पर घातले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कार्याचे मोल कळते.

पुढे नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर, पुणे अशा अनेक ठिकाणी धर्मशाळा बांधल्या गेल्या. मूर्तिजापूर येथे गोरक्षणाचे कार्य उभे राहिले. ठिकठिकाणी अन्नछत्रे, पाणपोया, शाळा आणि वसतिगृहे निघाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी दूरदूरच्या खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांची राहण्याची आबाळ पाहून सन १९५४ मध्ये तेथेही धर्मशाळा झाली. पंढरीचा वारकरी आणि रुग्णालयाच्या फरसबंदीवर बसून राहिलेला नातलग, दोघेही महाराजांच्या लेखी सारखेच यात्रेकरू होते.

महाराजांचे दाते

महाराजांच्या कार्यास हातभार लावणाऱ्यांत मोठे व्यापारी होते, तसेच शेतकरी, गिरणी कामगार आणि मोलमजुरी करणारेही होते. या सर्वांशी महाराजांचा व्यवहार काही ठराविक नियमांनी चाले.

पहिला नियम असा की, महाराज पैशास शिवत नसत. कोणी रक्कम पुढे केली तर ती कामाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींकडे द्यावयास सांगत किंवा त्या पैशातून कामास लागणारे साहित्यच आणून देण्यास सुचवीत. दिलेले दान कोठे गेले, हे दात्यास उभ्या राहणाऱ्या भिंतीवरून दिसत असे.

दुसरा नियम असा की, स्वतःसाठी आलेली कोणतीही वस्तू ते ठेवून घेत नसत. भाविक प्रेमाने नवी वस्त्रे आणीत, मिष्टान्नाची ताटे आणीत. ते सर्व जवळच्या गरिबास दिले जाई आणि महाराज मडक्यातील चटणी-भाकरी खात. कोणी पाया पडण्यास आला तर ते त्यास आवरत, प्रसंगी रागावत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, हे त्यांनी वारंवार सांगितले. याचा परिणाम असा झाला की, दाता महाराजांच्या देहाशी न बांधला जाता त्यांच्या कार्याशी बांधला गेला. व्यक्तीवर जडलेली श्रद्धा व्यक्तीबरोबर सरते. कार्यावर जडलेली श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या टिकते.

तिसरा नियम असा की, लहान देणगी आणि मोठी देणगी असा भेद त्यांनी केला नाही. ज्याच्याजवळ धन आहे त्याने धन द्यावे, धान्य आहे त्याने धान्य द्यावे आणि काहीच नाही त्याने दोन हात द्यावेत. श्रमदान करणाऱ्यासही ती धर्मशाळा आपलीच वाटे. म्हणूनच ती पुढे स्वच्छ राहावी, तिची मोडतोड होऊ नये, याची काळजी वाहणारी माणसे गावोगाव तयार झाली.

चौथा नियम त्यांच्या सावकारी अनुभवाशी जुळणारा होता. पोटास चिमटा घेऊन किंवा कर्ज काढून कोणी देवकार्य करावे, हे त्यांना मान्य नव्हते. देणाऱ्याचे घर सुखी राहिले तरच देणे टिकते. एकदा ओरबाडून घेतलेला दाता दुसऱ्यांदा दार उघडत नाही, पण आपल्या घराची काळजी वाहणाऱ्या माणसास तो वर्षानुवर्षे आपण होऊन बोलावतो. महाराज त्याच त्या गावांना फिरून फिरून जात. दर खेपेस ते आधी रस्ते झाडीत आणि नंतर बोलत. मागावयाचे असेल तेव्हाच यावयाचे, असा त्यांचा परिपाठ नव्हता.

विश्वस्त व्यवस्था व कुटुंब

उभ्या राहिलेल्या वास्तू महाराजांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या. त्यांवर स्वतःचा किंवा आपल्या कुटुंबीयांचा कोणताही हक्क त्यांनी ठेवला नाही. ज्यांनी शेकडो खोल्यांच्या धर्मशाळा बांधविल्या, त्यांची पत्नी कुंताबाई झोपडीत राहत असत. आप्तस्वकीयांना या वास्तूंत आयते बसून खाण्याची मुभा नव्हती आणि महाराज स्वतःही तेथे सुखाने मुक्कामास राहिले नाहीत.

या त्यागाची किंमत मोठी होती आणि ती एकट्या महाराजांनी मोजली नाही. सखुबाई आणि कुंताबाई यांनीही ती आयुष्यभर मोजली. सन १९२३ मध्ये महाराजांचा मुलगा गोविंदा निवर्तला. ती वार्ता महाराजांना कीर्तन चालू असतानाच कळली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. लाखोंची लेकरे मरतात, तेथे आपल्या एकासाठी काय रडावे, या भावनेने त्यांनी ते दुःख गिळले. कुंताबाईंच्या वाट्याला मात्र ते दुःख झोपडीत एकटीने सोसणे आले. महाराजांच्या चरित्राचे स्मरण करताना या माउलीचेही स्मरण भाविकांनी करावे. दात्यांच्या एकेका पैशाचे पावित्र्य ज्या घराने राखले, त्या घराची चूल तिने सांभाळली होती.

दानाचा ओघ पुढे वाहता ठेवणे

लोकांनी दिलेले दान एका वास्तूत कोंडून राहू नये, असे महाराजांना वाटे. कालमानाप्रमाणे ज्या कामाची निकड अधिक, तिकडे ते वळले पाहिजे. शिक्षणावाचून गरिबाची सुटका नाही, हे तर त्यांचे जन्मभराचे सांगणे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी त्यांच्या मनात अत्यंत आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी सन १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. लोकवर्गणीतून निघालेली आणि तीस वर्षे वारकऱ्यांना निवारा देणारी वास्तू आता विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावी, हा त्यामागील हेतू होता. दात्यांनी ज्या दुःखितांसाठी दान दिले, त्यांच्याच मुलाबाळांच्या हिताकडे ते वळले. मूळ हेतू अशा रीतीने अभंग राहिला.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेवरही महाराजांचा लोभ होता. सन १९४८ मध्ये संस्थेचे सरकारी अनुदान बंद झाले आणि हजारो गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणावर संकट आले. तेव्हा महाराजांनी मुंबई राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला आणि पुढे ते अनुदान पुन्हा सुरू झाले. ज्याने स्वतःसाठी कधी काही मागितले नाही, त्याची दुसऱ्यासाठी केलेली मागणी सरकार दरबारीही अव्हेरली जात नसे. सन १९५४ मध्ये कराड येथे रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय निघाले. त्यास सद्गुरू गाडगेमहाराज यांचे नाव देण्यात आले. अक्षरओळख नसलेल्या संताच्या नावे महाविद्यालय निघावे, हा त्यांच्या शिक्षणप्रेमाचा गौरवच होय.

मिशनची स्थापना

महाराजांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. अनेक ठिकाणी पसरलेल्या संस्थांची देखभाल आपल्या पश्चात कोण करील, हा विचार त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मनात होता. सन १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम झाला. धर्मादाय संस्थांनी नोंदणी करावी, हिशोब ठेवावेत आणि ते तपासून घ्यावेत, हे त्यामुळे बंधनकारक झाले. महाराजांनी जे आचरणाने पाळले होते, तेच आता कायद्याने सर्वांना सांगितले. सन १९५२ मध्ये श्रीगाडगेमहाराज मिशनची स्थापना झाली आणि ठिकठिकाणच्या कार्यास एक सूत्र लाभले. मिशनच्या वतीने धर्मशाळा, वसतिगृहे आणि आश्रमशाळा यांचे कार्य महाराजांच्या पश्चातही चालू राहिले.

भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, बेघरास निवारा, गरिबाच्या मुलास शिक्षण, रोग्यास औषध, बेकारास काम, मुक्या प्राण्यांस अभय, गरिबाच्या लेकरांच्या लग्नकार्यास मदत आणि खचलेल्यास धीर, असा दशविध कार्यक्रम महाराजांनी समाजापुढे ठेवला. हाच आजचा रोकडा धर्म, अशी त्यांची शिकवण होती. ही दहाही कामे कोणत्याही गावात, कोणत्याही कुवतीच्या माणसास करता येण्यासारखी आहेत.

महानिर्वाण

दिनांक ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर महाराजांचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले असल्याने त्यांचा आवाज आजही भाविकांस ऐकावयास मिळतो. दिनांक ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदा दिवसांनी, दिनांक २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी श्रीगाडगेमहाराजांनी देह ठेवला. त्या वेळी त्यांचे वय ८० वर्षांचे होते. त्यांची समाधी अमरावती येथे गाडगेनगरात आहे. ज्या भूमीत हातात कुदळ घेऊन कार्यास आरंभ झाला, त्याच वऱ्हाडाच्या भूमीत कार्याची सांगता झाली.

महाराष्ट्र शासनाने सन २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. सन २००५ मध्ये अमरावती विद्यापीठास संत गाडगेबाबा यांचे नाव देण्यात आले. भारतीय डाक विभागाने सन १९९८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले होते.

भाविकांसाठी बोध

दान हे हातातून सुटले म्हणजे संपले, असे अनेकांना वाटते. श्रीगाडगेमहाराजांचे चरित्र वेगळे सांगते. दान दिल्यावर दाता आणि संस्था यांचे नाते सुरू होते. ते टिकविण्याची पहिली जबाबदारी घेणाऱ्याची असते. आलेल्या पैशाचा विनियोग ज्या कारणासाठी मागितला त्याच कारणासाठी करणे, हिशोब चोख ठेवून तो मोकळेपणाने दाखविणे, रुपया देणाऱ्याचे आणि लाख देणाऱ्याचे सारख्याच आदराने स्वागत करणे आणि स्वतः साधेपणाने राहणे, ही त्या नात्याची चार चाके होत. यांतील एक जरी निखळले तरी मंदिराचा कळस सोन्याचा असूनही दात्याचे मन परत वळत नाही.

देणाऱ्याचेही कर्तव्य आहे. त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे, कर्ज काढून देऊ नये. दिल्यावर पावती घ्यावी, कार्य डोळ्यांनी पाहावे आणि उणे दिसल्यास संबंधितांस आपुलकीने सांगावे. ज्या डेबूजीच्या मामांना पावती मागणे ठाऊक नव्हते म्हणून जमीन गमवावी लागली, त्याच डेबूजीच्या नावे उभ्या राहिलेल्या कार्याचे स्मरण करताना पावती मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. विचारणारा दाता संस्थेचा शत्रू नसून तिचा खरा आप्त असतो.

आणि ज्याच्याजवळ देण्यास द्रव्य नाही, त्यानेही रित्या हाताने परतू नये. धर्मशाळेतून निघताना आपण राहिलेली खोली झाडून ठेवावी, पाण्याचा नळ बंद करावा, उष्टे अन्न टाकू नये, पायरी उतरणाऱ्या वृद्धास हात द्यावा. हेही दानच आहे, आणि एवढे दान तर प्रत्येक भाविकाच्या हातून घडण्यासारखे आहे. महाराजांनी ऋणमोचनच्या उतारावर पहिली कुदळ मारली तेव्हा त्यांच्याजवळही दुसरे काही नव्हते.

अशा या निष्काम कर्मयोगी संताच्या चरणी विनम्र अभिवादन.